नऊ जेवणांचं अत्तर

माझ्या सासूबाईंच्या एका बोलण्यामुळे एक इटालियन अत्तर जपानात यायचं राहिलं. हे सांगितलं की लोक हसतात. हसावंच, मीही हसते. पण ते बोलणं ऐकायला मी आठ महिने कान लावून बसले होते, हे हसण्याच्या भरात सांगायचं राहून जातं. म्हणून आज नीट सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा टोकियोतल्या एका संस्थेत गंजावर संशोधन करत होता. लोखंडाचा एक तुकडा खाऱ्या पाण्यात ठेवायचा आणि तो गंजेपर्यंत वाट बघायची, असं त्या कामाचं माझ्यापुरतं आकलन. आम्ही टोकियोशेजारच्या इचिकावात राहायचो, स्टेशनापासून बारा मिनिटांवर, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. सकाळी नवरा गंज बघायला गेला की मी भिंत बघायची. वर्षभर भिंत बघून झाल्यावर मी हट्टानं टोकियोच्या निहोनबाशी भागातल्या एका आयात करणाऱ्या कंपनीत अर्धवेळ नोकरी धरली.

ही कंपनी इटलीहून टोमॅटोचे डबे, फरशा आणि अत्तर आणायची. मला अत्तराच्या विभागात बसवलं, कारण मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. माझा प्रबंध सिमेंटवर होता हे मी मुलाखतीत सांगितलं होतं, पण रसायन ते रसायन असा त्यांचा हिशेब. माझं खरं काम इटलीहून येणारे फॅक्स वाचण्याचं. ते इंग्रजीत असायचे, पण असं इंग्रजी की ते जपानी माणसांना कळत नसे आणि इंग्रजांनाही कळलं नसतं. मला मात्र कळायचं. आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर साधारण तसंच बोलायचे.

अत्तर बनवणारं घराणं अगदी लहान. दोन भाऊ आणि एक थोरली बहीण, तिसरी पिढी. दोन्ही भावांचा आपसात अबोला होता, त्यामुळे एकाच विषयावर दोन फॅक्स यायचे, एकमेकांच्या बरोबर उलट. मग संध्याकाळी बहिणीचा तिसरा फॅक्स यायचा आणि त्यात निकाल असायचा. आमच्या विभागात पहिले दोन कागद कोणी उघडूनही बघत नसे. पण फेकतही नसे, कारण आमच्या काचोंनी त्यांच्यासाठी दोन वेगळ्या रंगांच्या फायली केल्या होत्या. काचो म्हणजे विभागप्रमुख. तिकडे माणसाला हुद्द्यानं हाक मारतात, त्यामुळे तीन वर्षांत मी त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही.

या घराण्याचा मूळपुरुष डोंगरातल्या एका गावचा न्हावी. गिऱ्हाइकांच्या डोक्याला लावायला तो घरीच तेलं उकळायचा. बायकोला तो वास सहन होईना. तिनं त्याला सांगितलं की हा वास घेऊन माझ्या टेबलाशी बसायचं नाही. म्हणून एक अख्खा हिवाळा तो ताट घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर जेवला. पायरीवर बर्फ पडायचा. तो रोज मिश्रण बदलून आत यायचा आणि ती रोज नाक मुरडून बोट दाखवायची. वसंतात एके दिवशी तो आत आला, खुर्ची ओढून बसला, आणि ती काही बोलली नाही. तेच त्यांचं पहिलं अत्तर. ती पायरी त्यांनी अजून जपून ठेवली आहे म्हणे, आणि घरातल्या नव्या सुनेला दाखवायला नेतात. हे वाचून मला त्या सुनांबद्दल आधी आदर वाटला आणि मग काळजी.

तेव्हापासून त्या घराचा नियम असा की नवं अत्तर कोणीतरी लावून नऊ जेवणं जेवायचं. घरच्या माणसांबरोबर, आणि त्यांना काहीही न सांगता. नऊ जेवणांत एकानंही वासाचा विषय काढला, चांगला म्हणा वा वाईट, तर अत्तर बाद. अपील नाही. अत्तर लावणाऱ्याचं नसतं, शेजारी जेवणाऱ्याचं असतं, असं त्यांच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर सोनेरी अक्षरात होतं. आमच्याकडे हेच ‘लोकांना ताप देऊ नये’ एवढ्यात सांगतात, आणि त्यासाठी सोनेरी शाई लागत नाही. पण तत्त्व मला पटलं होतं.

त्या वर्षी त्यांनी खास जपानसाठी एक अत्तर काढलं. नियमाप्रमाणे ते जपानातल्या जेवणाच्या टेबलावर पास व्हायला हवं होतं. हे वाचून काचो म्हणाले, सोपं आहे. जपानात कोणीच कोणाच्या वासाबद्दल तोंडावर बोलत नाही, नऊ काय नव्वद जेवणं पास होतील. त्याच संध्याकाळी बहिणीचा फॅक्स आला: टेबल बोलकं हवं. ज्या घरात एरवी जेवताना बडबड, टोमणे, भांडणं चालतात, तिथली चुप्पी आम्ही धरतो. मुक्या टेबलाची चुप्पी आम्ही धरत नाही.

झालं. विभागात पाच माणसं आणि बोलकं टेबल एकाकडेही नाही. काचो प्रामाणिक माणूस, आधी स्वतःपासून सुरुवात करू म्हणाले. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते संध्याकाळी घरी शेवटचे जेवले होते ते मुलगी पहिलीत असताना. आता ती कॉलेजात होती. अत्तर लावून ते साडेसहाला घरी पोचले. ते दिवस असे की रोज कोणत्या ना कोणत्या कंपनीतून माणसं कमी होत होती. बायकोनं दार उघडलं, उजेडात नवरा दारात उभा बघितला आणि ती मटकन खालीच बसली. तिला वाटलं, नोकरी गेली. ते समजावू लागले तसतसा तिचा संशय पक्का होत गेला. तिनं माहेरी फोन केला. तासाभरात सासरे आले, सोबत ओळखीच्या कारखान्यातल्या जागेचा अर्ज घेऊन. जेवण त्या घरात त्या दिवशी झालंच नाही. दुसऱ्या दिवशी काचोंनी अहवालात लिहिलं, ‘अनुकूल परिस्थिती नाही.’

विभागातली एक मुलगी आईवडिलांकडे राहायची. तिनं तीन जेवणं केली आणि कोणी काही बोललं नाही. चौकशीअंती कळलं की त्या घरात वडील पेपर वाचत जेवतात आणि कोणी काही म्हटल्याचं तिला आठवतच नाही. बाद. दोघं वसतिगृहात राहणारे, त्यांचं टेबल म्हणजे दुकानातून आणलेला डबा आणि टीव्ही. तेही बाद.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले, आणि मी म्हणाले, “आमच्या घरी बोलतात.”

हे खोटं होतं. आठ महिन्यांपूर्वी खरं होतं.

माझ्या सासूबाई, त्यांना मीही आईच म्हणते, जेवताना बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, पहिला घास ते ताक, अखंड. भात मोकळा झाला नाही. पोळीचे पदर कुठे गेले. तो पंखा कर्कश वाजतोय. शेजारणीच्या सुनेनं काय नेसलं होतं. तू कोपर काढ टेबलावरून. हे सगळं वरकरणी आम्हाला असलं तरी खरं असायचं सासऱ्यांना, आणि सासरे प्रत्येक वाक्याला “बरं” म्हणायचे. लग्न होऊन गेले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटायचं, या बाईचं तोंड कधी मिटेल. देव असलं बरोबर ऐकतो.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी पुण्यात दोघंच जेवत होते. सासऱ्यांना जेवायला वेळ लागायचा. आई नेहमीसारख्या म्हणाल्या, “किती वेळ चिवडताय? आटपा आता, उठा.” ते “बरं” म्हणाले, अर्ध्या पानावरून उठले, हात धुवायला मोरीशी गेले आणि तिथेच कोसळले. नळ चालू होता. आईंना बराच वेळ वाटत राहिलं की ते हात धुतायत.

त्यानंतर आई जेवताना बोलल्या नाहीत. एरवी कामापुरतं बोलायच्या, भाजी निवडताना, दिवा लावताना. पण पान वाढलं की तोंडाला कुलूप. माझी नणंद पुण्याहून फोनवर रडायची, “वहिनी, आई नुसती खाली बघून गिळते गं.” कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काढत नव्हतं. शेवटी श्रावणाच्या सुमाराला आम्ही त्यांना तीन महिन्यांसाठी इचिकावाला आणलं. मला वाटलं होतं, नवा देश, नव्या भाज्या, नावं ठेवायला केवढी जागा! पहिल्या दिवशी मी मुद्दाम तिथला चिकट भात केला. त्या भाताला नावं न ठेवणारा पुणेकर मी अजून बघितला नाही. आईंनी खाली बघून खाल्ला, ताट उचललं, धुतलं.

तर मी कंपनीत हात वर केला त्यात दोन हेतू होते, दोन्ही सांगते. एक, काचो म्हणाले होते की हे अत्तर जपानात आलं तर तुम्हाला कायम करू. मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. माझ्या नावाचं कार्ड, माझं टेबल, सकाळी आठच्या गाडीत मलाही कुठेतरी पोचायचं असणं. दुसरा हेतू म्हणजे, मला वाटलं, विलायती सेंट शेजारी बसून घमघमतोय आणि आई गप्प राहतील? राहूच शकणार नाहीत. म्हणजे अत्तर पास झालं तर मला नोकरी, आणि नापास झालं तर मला आई परत. मी असा डाव मांडला आणि मला वाटलं मी फार हुशार.

हे टेबल जपानी कसं, असा प्रश्न इटलीतून आलाच. थोरला भाऊ म्हणाला अजिबात चालणार नाही, धाकटा म्हणाला उत्तम. बहिणीनं विचारलं, घर जपानात आहे ना? आहे. मग टेबल जपानी.

कंपनीनं छापील तक्ता केला. तारीख, पदार्थ, उपस्थिती, वासाविषयी उद्गार, इतर उद्गार, आणि खाली प्रत्येकाचा शिक्का. तिकडे सहीऐवजी नावाचा गोल शिक्का उठवतात. आईंच्या नावाचा शिक्का नव्हता, तर काचोंनी तो खास कोरून आणला, लाल शाईच्या डबीसकट. आईंना काय सांगायचं? मी सांगितलं की इथल्या सरकारला रोज काय जेवलो ते कळवावं लागतं. त्या देशात कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा याचं चार पानी पत्रक येतं, ते त्यांनी बघितलं होतं. त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. रोज जेवण झालं की चष्मा लावून, जीभ किंचित बाहेर काढून, त्या शिक्का उठवायच्या. एकही शब्द न बोलता.

पहिल्या दिवशी मी एक थेंब लावला. काही नाही. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी मनगटं, मान, पदर. वास कसा होता विचाराल तर पहिल्या थेंबाला छान होता, ओल्या लाकडासारखा. पदरभर झाल्यावर तो छान राहिला नाही. बाहेर उकाडा, खिडक्या बंद, एसी चालू, म्हणजे वासाला पळायला वाट नाही. माझे मलाच डोळे चुरचुरायला लागले. आई वरणभात कालवत होत्या.

त्यात ‘इतर उद्गार’ हा रकाना भरायचा होता, कारण टेबल बोलकं असल्याचा तोच पुरावा. घरात तर कोणी बोलेना. मग अत्तराचं न सांगता, कचेरीला आमच्या जेवतानाच्या गप्पांची नोंद हवी आहे एवढंच मी नवऱ्याला सांगितलं, आणि आम्ही संभाषण करायचं ठरवलं. सात वर्षांच्या संसारात आम्हाला ते कधी ठरवावं लागलं नव्हतं. नवरा कामावरून येताना विषय काढून आणायचा.

“आज तांब्यावर हिरवा थर आला,” तो म्हणायचा.

“हो का? कालपर्यंत नव्हता?”

“काल निळसर होता.”

“बरं झालं बाई.”

हे मी रात्री प्रामाणिकपणे इंग्रजीत उतरवायची. इटलीतल्या त्या म्हाताऱ्या बाईनं तांब्याच्या गंजाची आठवडाभराची प्रगती वाचली आहे.

चौथ्या जेवणाला घोटाळा झाला. नवरा घास घेता घेता थांबला आणि म्हणाला, “हिंग बदललास का?”

मी आशेनं आईंकडे बघितलं. हिंग म्हणजे त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, पुण्याहून स्वतः बांधून आणलेला. त्यांनी ऐकलंही नसेल. मी तक्त्यात खरं ते लिहिलं आणि कचेरीत बैठक बसली. हिंग हा वासाविषयी उद्गार धरायचा का? काचोंचं मत, माणसानं हिंग म्हटलंय, अत्तर म्हटलेलं नाही. इटलीला फॅक्स गेला. थोरला म्हणाला बाद, धाकटा म्हणाला पास, बहिणीनं विचारलं, हिंग म्हणजे काय, नमुना पाठवा. मी पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं. दोन्ही भावांचा एकच कागद होता, दोघांच्या सह्या एकाखाली एक, त्या घरात किती वर्षांनी कोण जाणे. मजकूर असा की हे जिथे ठेवलं ती खोली आम्ही बंद केली आहे, आणि ज्या घरात हे रोज शिजतं तिथे आमचं अत्तर कोणाला जाणवलं नाही तर त्यात अत्तराचा गुण नाही. बहिणीनं त्याखाली लिहिलं: असेल. पण घर बोलकं आहे. पुढे चला.

पाच, सहा, सात, आठ. मी आता शिंपडत नव्हते, ओतत होते. आठव्या दिवशी गाडीत माझ्या दोन्ही बाजूच्या जागा मोकळ्या राहिल्या, आणि ती वेळ संध्याकाळी सहाची होती. समोरच्या घरातल्या बाई जिन्यात भेटल्या की एरवी तोंडभर नमस्कार करायच्या, त्या श्वास रोखून नमस्कार करून गेल्या. कचेरीत आठ तक्ते आणि आठ वेळा ‘वासाविषयी उद्गार: नाही’. काचोंनी माझं अभिनंदन केलं, चहा पाजला, माझ्या कार्डावर नाव कसं छापायचं ते विचारलं. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. नोकरी अगदी दारात आली होती, आणि इतकं सगळं ओतूनही आईंच्या तोंडून एक ‘शी’ निघाला नव्हता. आता निघणारच नाही, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

नववं जेवण घराण्यातल्या थोरल्या लेकीनं स्वतः अत्तर लावून जेवायचं, असाही नियम होता. तर त्या बाई टोकियोला आल्या. सत्तरीच्या, उंच, काळा झगा, पायात पुरुषी बूट. रविवारी दुपारी आमच्या घरी जेवायला येणार, बरोबर काचो. आईंना मी सांगितलं, कचेरीतले पाहुणे आहेत. आई म्हणाल्या, “मग स्वयंपाक मी करते. तुझं राहू दे.”

आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच ओट्याचा ताबा घेतला. चिंचगुळाची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, रात्रभर टांगलेल्या दह्याचं श्रीखंड. आई नैवेद्याआधी कधी चव घेत नाहीत. आमटीवर वाकून वास घेतात आणि मीठ सांगतात, आणि चुकत नाहीत. त्या दिवशीही त्यांनी पातेल्यावर वाकून वास घेतला, चिमूटभर मीठ टाकलं आणि झाकण ठेवलं.

टेबलाला खुर्च्या चार होत्या, नवरा टीव्हीच्या खोक्यावर बसला. इटालियन बाईंनी अत्तर माफक लावलं होतं, पण त्या आमटीच्या पातेल्याशेजारीच बसल्या होत्या. त्यांना हातानं जेवता यायचं, माझ्यापेक्षा नीटनेटकं. काचो इतक्या वर्षांनी दुपारच्या उजेडात कोणाच्यातरी घरी जेवत होते आणि त्यांचं भान सुटलं होतं. आमटीभात, आमटीभात, आमटीभात. चौथ्या वाढपाला आमटी संपत आली. आईंनी गरम पाणी घालून ती वाढवली, उकळी आणली, पातेलं टेबलावर ठेवलं आणि मिठाचा अंदाज घ्यायला वाकल्या.

वाकल्या त्या तशाच राहिल्या. पुन्हा वास घेतला. भुवया जवळ आल्या. मग त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या,

“अगं, या बाईंनी काय उदबत्तीचा कारखाना लुटलाय का? मला माझ्या आमटीचा वास येईना! मीठ कसं सांगू मी?”

मग त्या माझ्याकडे वळल्या.

“आणि तू! गेले कित्येक दिवस तूही हेच फासून बसत्येस. मला वाटलं इथल्या साबणाचा असेल. हा माणूस बघ, भात चावत नाही, गिळतोय. पोट दुखेल त्याचं. आणि तू कोपर काढ टेबलावरून! त्या गंजाचं काय ते एकदा पुसून टाक आणि सांग की झालं म्हणून!”

नवऱ्यानं कोपर काढलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो आईकडे टक लावून बघत होता, म्हणजे पुढचं कधी येतंय.

बाईंनी मला विचारलं, “काय म्हणाल्या?” काचोंना मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. त्यांनी मान अगदी थोडी, दोरा हलावा एवढी हलवली. नको. आमटीला मीठ कमी आहे एवढंच सांगितलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. मी सगळं सांगितलं, उदबत्तीच्या कारखान्यासकट. मला दुसरं काही सांगवेना, इतका आनंद झाला होता. त्यावर ते अत्तर मागे घेतलं गेलं, काचोंना टोमॅटोच्या डब्यांकडे पाठवलं, आणि मी अर्धवेळची अर्धवेळच राहिले ती तिथून निघेपर्यंत. माझं नाव छापलेलं कार्ड मी कधी बघितलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो सगळा पुढचा भाग.

त्या क्षणी बाईंनी आईंकडे बघितलं, मान डोलावली, हातातली अर्धी पुरी ताटात ठेवली आणि उठल्या. न्हाणीच्या दाराकडे बोट करून माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. त्या आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

आईंचा चेहरा पांढरा पडला.

“पानावरून उठवलं मी तिला,” त्या म्हणाल्या. “अर्ध्या पानावरून.”

“आई, त्या नुसतं धुवायला—”

त्यांनी ऐकलं नाही. त्या जाऊन न्हाणीच्या दाराशी उभ्या राहिल्या, हात दारावर, पण वाजवेनात. पाणी वाहत होतं. मी उठले तसा नवऱ्यानं माझा हात धरला. काचोंनी चमचा खाली ठेवला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी तेही ताठ बसले. आत पाणी वाहतच होतं आणि आई दाराला कान लावून उभ्या होत्या. एकदा त्यांनी अगदी हळू “अहो” म्हटलं. ते त्या बाईंना नव्हतं, हे आम्हा दोघांना कळलं.

नळ बंद झाला.

दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत वर, मान आणि हात चोळून चोळून लाल, केसांतून पाणी गळतंय, आणि अंगाला आमच्या शिकेकाईच्या साबणाचा वास. दाराशी आईंना बघून दचकल्या. मग आईंच्या खांद्यावर ओला हात ठेवून त्यांना बाजूला सारलं, टेबलाशी आल्या, आपली खुर्ची ओढली, बसल्या आणि ठेवलेली अर्धी पुरी उचलून भाजीला लावली. वाटी पुढे सरकवून आमटी मागितली.

आई आल्या. पातेल्यावर वाकल्या, वास घेतला, चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं आणि वाटी भरली. मग त्या बाईंच्या शेजारी खुर्ची लावून बसल्या, त्यांच्या ताटाकडे बघत.

“सावकाश होऊ द्या,” त्या म्हणाल्या. बाई खातच राहिल्या. त्यांना कळलं नसणार.

आईंनी माझ्याकडे बघितलं. “तिला सांग,” त्या म्हणाल्या, “मला काही घाई नाहीये.”